नगारखाना गप्प झाला तेव्हा

फार मागच्या काळची गोष्ट. गावांना तेव्हा तट असायचे, तटाला एकच मोठा दरवाजा असायचा, आणि राजा कुठंतरी लांब असायचा. डोंगराच्या पायथ्याला असंच एक गाव होतं. त्याच्या दरवाज्यावर नगारखाना होता आणि नगारखान्यात पाच वाजंत्री होते.

पहाटे नगारा झडला की दरवाजा उघडायचा. तिन्हीसांजेला झडला की रानात गेलेले गुराखी, लाकूडफाट्याच्या बायका, मेंढरं, सगळी घाईनं आत यायची आणि दरवाजा लागायचा. त्या आवाजाचं आणखी एक काम होतं. डोंगरात लांडगे होते. नगारा घुमला की ते ओढ्याच्या पलीकडंच थांबायचे. पिढ्यान्‌पिढ्या थांबत आले होते.

दरवाज्याच्या आत, नगारखान्याच्या अगदी खाली, ठकू नावाच्या भडभुंजिणीची भट्टी होती. फुटाणे, लाह्या, चुरमुरे भाजून ती पोट भरायची. नवरा वारलेला. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, तिला ती आत्याबाई म्हणायची. ठकू हाताची चपळ होती, पण मनानं फार भित्री. शिपायाच्या जोड्याचा आवाज आला तरी तिच्या हातातला झारा कढईवर वाजायचा. भित्र्या बाईला हसणं सोपं असतं. ज्यांच्या पाठीशी कुणी असतं तेच जास्त हसतात.

थंडीत नगाऱ्याचं कातडं सैल पडतं. म्हणून रोज पहाटे नगारची नगारा घेऊन ठकूच्या भट्टीशी यायचा. आगीपासून हातभर लांब धरायचा, सावकाश फिरवत राहायचा, मधेच बोटानं टिचकी मारून बघायचा. बरोबर आवाज आला की वर जायचा. मागोमाग संबळवाला, झांजवाला, म्हातारा सनईवाला, आणि सगळ्यांत शेवटी सिदबा.

सिदबा सूर धरायचा. म्हणजे त्याच्याही हातात सनईच असायची, पण तो गाणं वाजवत नसे. एकच सूर, सरळ, न तुटता, न हलता, बाकीच्यांचं वाजवणं संपेपर्यंत. नाकानं श्वास घ्यायचा आणि गालांतून सोडायचा. म्हातारा सनईवाला त्या सुरावर गाणं मांडायचा.

एका वर्षी गढीवर नवा कारभारी आला. हुशार माणूस. हुशारीला डोळे असतात. कान असतातच असं नाही. दोन दिवस तो सज्जात बसून नगारखान्याकडं बघत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पाचही जणांना त्यानं खाली बोलावलं.

"हा काय करतो?" त्यानं सिदबाकडं बोट केलं.

"सूर धरतो, सरकार," म्हातारा सनईवाला म्हणाला.

"धरतो म्हणजे? याची बोटं हलत नाहीत."

"त्याला बोटं हलवायचीच नसतात."

"मग बसू दे घरी. चौघं घाम गाळता आणि हा गाल फुगवून बसतो. उद्यापासून चौघांत वाजवा."

म्हाताऱ्यानं हात जोडले. "सरकार, सूर नसला तर मी वाजवू कशावर? भिंत पाडायची आणि वर चित्र काढ म्हणायचं, असं झालं हे."

"मी सांगायचं आणि तुम्ही वाजवायचं. मला शिकवू नका."

पाचही जण वर गेले. वाजंत्र्यांची एक जुनी रीत होती. अन्याय झाला की वाद्यं पालथी घालून ठेवायची. पालथ्या वाद्याला राजानंही हात लावायचा नाही, आधी वाजंत्र्याचं म्हणणं ऐकायचं. त्या संध्याकाळी नगारा पालथा झाला, संबळ पालथं झालं, झांजा आणि दोन्ही सनया कापडाखाली निजल्या. सिदबा म्हणाला, "माझ्या एकट्यासाठी तुम्ही कशाला?" नगारची म्हणाला, "तुझ्यासाठी नाही रे बाबा, स्वतःसाठी. आज तुझी बोटं दिसली. उद्या त्याला झांज नकोशी होईल, परवा मी."

त्या तिन्हीसांजेला गाव पहिल्यांदा गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी दवंडी आली. दवंडीला वाजवायला ढोल मिळेना, म्हणून शिपायानं पितळेची परात बडवली. "ऐका हो! नगारखान्याच्या माणसांना कुणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, मीठ द्यायचं नाही. जो देईल त्याचं दार बंद करण्यात येईल हो!"

लोकांनी खाली माना घालून ऐकलं. वाजंत्र्यांशी वैर कुणाचंच नव्हतं. पण ज्याला त्याला आपलं दार आठवलं.

सिदबाची बायको बाळंतीण होती. बारा दिवसांचं मूल. नगारखान्याच्या भिंतीला लागून वाजंत्र्यांची खोपटं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी लागते, गरम पाणी लागतं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच मूल पोटाशी धरून, हातात फुटकं खापर घेऊन ठकूच्या भट्टीशी आली.

"ठकूताई, दोन निखारे घाला. पोर गार पडलंय."

समोर शिपाई भाल्याला टेकून उभा होता. ठकूनं मान फिरवली. कढईतली वाळू ढवळत राहिली. कढईत दाणा नव्हता, नुसतीच वाळू ढवळत होती. बाई थोडा वेळ थांबली आणि गेली. ठकूनं वर बघितलं नाही, पण ते अनवाणी पाऊल जाताना तिनं ऐकलं, आणि ते तिच्या कानातून जाईना.

चौथ्या संध्याकाळी लांडग्यांनी ओढा ओलांडला.

भट्टीसमोरच्या घाण्यावरच्या तेल्याची गाभण शेळी तटाबाहेर राहिली होती. सकाळी तिची घंटा तेवढी सापडली. तेल्यानं ती घंटा हातात घेऊन सगळं गाव डोक्यावर घेतलं. "सूर म्हणे सूर! सुराच्या नादात माझी शेळी गेली! एका माणसासाठी चौघं रुसणार आणि आमची जनावरं जाणार?"

शिंपीण म्हणाली, "भावजी, लांडगं त्यांनी बोलावलं का?"

"तू गप! तुझी शेळी गेली का?"

"माझ्याकडं कोंबडीबी न्हाई, म्हणून तर डोकं ठिकाणावर हाय."

पण तेल्यासारखं बोलणारे वाढत चालले होते. भीती फार दिवस नुसती बसून राहत नाही. कुणावर तरी राग काढते. आणि कारभाऱ्यावर राग काढायची कुणाची टाप नव्हती.

कारभाऱ्यानं यावर तोड काढली. "नगारा काय, बडवायचाच तर आहे. शिपाई बडवतील." दोन शिपायांनी पालथा नगारा सरळ केला. गावातल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. टिपरू मारलं तर आवाज आला ओल्या पोत्यासारखा. थंडीनं कातडं लोळागोळा झालं होतं. कुणीतरी सांगितलं की हे तापवतात, तसे दोघं भर दुपारी नगारा घेऊन ठकूच्या भट्टीशी आले.

"सरक बाजूला."

त्यांनी नगारा सरळ भट्टीच्या तोंडावर ठेवला.

ठकूच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं: अहो, हातभर लांब धरा, फिरवत राहा. एवढे चार शब्द. ते तिथंच अडकले. कातड्याचा करपट वास आला. मग फट्‌ करून आवाज झाला आणि राजाचा नगारा या कडेपासून त्या कडेपर्यंत उलला. शिपाई एकमेकांकडं बघत राहिले. ठकूनं वर बघितलं तर समोर तेली घाण्याचा बैल थांबवून उभा होता. दोघांची नजरानजर झाली. तेल्यानं बैलाला चाबूक मारला आणि तोंड वळवलं.

त्याच दिवशी उन्हं कलायच्या आधी ठकूला गढीवर बोलावणं आलं. पाय कसे उचलले ते तिला कळलं नाही. कारभारी गोड बोलला, आणि त्यानंच ती जास्त घाबरली.

"ठकूबाई, बसा. नगारा कुणी फोडला?"

ठकू बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"वाजंत्र्यांपैकी कुणीतरी आला आणि सुरी मारून गेला. तुम्ही बघितलंत."

"मी…?"

"तुम्हीच. भट्टी दारात तुमची, दुसरं कोण बघणार? रुसायचा त्यांना हक्क आहे म्हणतात, असू दे. पण राजाचं वाद्य फोडणाऱ्याला मी बायकापोरांसकट दरवाज्याबाहेर काढू शकतो. उद्या चावडीवर एवढंच सांगा. तुमची भट्टी तुम्ही जिवंत आहात तोवर कुणी हलवणार नाही."

नाही सांगितलं तर काय, हे तिनं विचारलंच नाही. तरी त्यानं उत्तर दिलं. "नाहीतरी दरवाज्याजवळची जागा घोड्यांना हवीच आहे. आणि तुमच्या सासूबाईंना चालता येत नाही ना?"

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. सासूनं अंथरुणातून हात उडवला. "सांगून टाक. आपल्याला काय करायचंय?"

"खोटं आहे ते, आत्याबाई."

"खोटं तर खोटं. खोटं बोलूनच मी तुझ्या सासऱ्यापाशी तीस वर्षं काढली."

"बाहेर लांडगे आहेत. पोर पंधरा दिवसांचं आहे."

"आणि मी कोण? मला कोण पाठीवर घेऊन फिरणार तिथं, तू?" म्हातारीचा आवाज चिरकला. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "आणि हे बघ, निखाऱ्याचं खूळ डोक्यात घेऊ नकोस."

निखाऱ्याची रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती. कुणाला गावाबाहेर काढायचं ठरलं, तर दरवाजा उघडायच्या आधी चावडीवर तीनदा विचारावं लागे: "हा कुणाच्या चुलीचा आहे का?" कुणी आपल्या चुलीतला निखारा आणून त्या माणसापुढं ठेवला, की तो त्या घरचा झाला. पण मग जे त्याचं होईल तेच त्या घराचं. म्हणून वर्षानुवर्षं कुणी निखारा ठेवला नव्हता.

दुसरा दिवस उजाडला तो ढगाळ. चावडी भट्टीपासून वीस पावलांवर. दुपार कलली तसं सगळं गाव जमलं, पण बाजाराच्या दिवशी असतो तसा कलकलाट नव्हता. पाचही वाजंत्री मधोमध उभे होते, मागं त्यांची बायकापोरं, गाठोडी बांधलेली. सिदबाच्या बायकोनं पोराला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं होतं. ती ठकूकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत ना विनवणी होती, ना शिव्या. दरवाजा आधीच अर्धा उघडून ठेवला होता आणि त्या फटीतून रानातला गार वारा आत येत होता. लांब, ओढ्याच्या अंगाला, एकदा लांडगा ओरडला. आयांनी पोरांना जवळ घेतलं.

"सांगा, ठकूबाई," कारभारी म्हणाला.

ठकू उठली. आत्याबाईंचे पाय, घोड्यांची दावी, बुजवलेली भट्टी, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"घाबरू नका. काय बघितलं ते सांगा."

ती तरीही गप्प.

कारभाऱ्यानं कपाळाला आठी घातली. "बाई भेदरलीय. मीच सांगतो तिनं मला काय सांगितलं ते. यांनी नगारा फोडला. विचारा रीतीप्रमाणं."

कारकून ओरडला, "ही माणसं कुणाच्या चुलीची आहेत का?"

कुणी हललं नाही.

"कुणाच्या चुलीची आहेत का?"

ठकू वळली आणि चावडीची पायरी उतरून चालायला लागली. मागून कुणीतरी हसलं. "पळाली! भडभुंजीण पळाली!" तिलाही वाटत होतं आपण पळतोय. भट्टीशी गेल्यावर तिनं झारा उचलला, आत खुपसला आणि धगधगते निखारे काढले. हात इतका कापत होता की एक निखारा तिच्याच पायावर पडला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर झारा टाकून खरंच पळाली असती. वीस पावलं ती परत चालली. तिला ती वीस कोस वाटली. सिदबाच्या पुढ्यात तिनं झारा रिकामा केला.

"हे काय?" कारभारी उठून उभा राहिला.

आता तिचा आवाज निघाला, चिरका, फाटका. "नगारा शिपायांनी जाळला. मी बघत होते. लांब धरा म्हणायचं होतं, म्हणाले नाही. ती माझी चूक. ही पाचही माणसं माझ्या चुलीची."

"लिहा हिचं नाव," कारभारी म्हणाला. "भट्टी बुजवा. ही बाई आणि हिची सासू, दोघी यांच्याबरोबर बाहेर." मग त्यानं गावाकडं बघितलं आणि हसला. "आणखी कुणी आहे?"

कुणी नव्हतं. लोक जमिनीकडं बघत होते. ठकूच्या मनात आलं, संपलं. म्हातारीला मी मारलं. तिला निखारे परत उचलावेसे वाटले. हो, खरंच वाटले. गोष्ट सांगायची तर ती खरी सांगावी. पण पाय जागचे हलेनात.

तेवढ्यात तेली खाकरला. "जरा थांबा." आणि तो गर्दीतून निघून गेला. परत आला तो पळीत निखारा घेऊन, धापा टाकत.

"तू?" म्हातारा सनईवाला म्हणाला. "तुझी शेळी…"

"शेळी माझी गेली, राग माझा तुम्हा पाचांवर आहे, तो मी सवडीनं काढीन. पण डोळे अजून गेले नाहीत माझे." तो कारभाऱ्याकडं न बघता कारकुनाला म्हणाला, "मी समोर घाण्यावर होतो. कातडं यांच्याच शिपायांनी करपवलं. लिहा माझं नाव."

त्यानं निखारा ठेवला. आता दोन चुली झाल्या.

मग भट्टीमागच्या खोपटातून एक खणखणीत आवाज आला. "ठकू! अगं ए सटवे! मला टाकून निघालीस का? माझ्या उशाशी शेगडी आहे, ती कोण नेणार? मी का उठू शकते? कुणीतरी या की मेल्यांनो!"

कुणीतरी हसलं. हसू आल्यावर श्वास मोकळा झाला, आणि श्वास मोकळा झाल्यावर पाय. शिंपीण धावत जाऊन म्हातारीची शेगडी घेऊन आली, जाताजाता आपल्या चुलीतलंही एक लाकूड आणलं. पाणक्या आला. दोन सुना सासूला न विचारता आल्या. कुंभार आपल्या आव्यातली राख उकरून निखारा घेऊन आला. सगळं गाव आलं असं नाही. सोनारानं दार लावून घेतलं ते त्या दिवशी उघडलंच नाही, आणि देवळाच्या कट्ट्यावरचे चार शहाणे अजून विचार करत होते. पण अंधारून येईपर्यंत चावडीपुढं निखाऱ्यांचा ढीग झाला आणि बाळंतीण पोराला घेऊन त्याच्या उबेला बसली.

कारभारी मोजत होता. चाळिसाच्या पुढं त्यानं मोजणं सोडलं.

"काढा सगळ्यांना बाहेर!" तो हवालदारावर ओरडला.

हवालदार जागचा हलला नाही. "सरकार, त्यात आमची घरवाली पण उभी आहे." मग त्यानं दरवाज्याकडं बघून डोकं खाजवलं. "आणि एवढे सगळे बाहेर गेले, तर दरवाजा लावायचा कुणासाठी?"

कारभारी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला, उपरणं सावरलं आणि गढीकडं चालता झाला. थोड्या वेळानं कारकून मान खाली घालून सांगत आला, नगारखान्यात पाच माणसं होती, पाचच राहतील. पुढं राजाच्या कानावर गोष्ट गेली आणि त्या कारभाऱ्याची बदली अशा जागी झाली जिथं मोजायला माणसंच नव्हती, नुसते दगड होते.

नगाऱ्याला नवं कातडं चढायला चार दिवस लागणार होते. त्या संध्याकाळी फक्त दोन्ही सनया, संबळ आणि झांजा वाजल्या. लांडगे ओढ्यापर्यंत आले, आणि लोक दारं लावून ऐकत राहिले, पण गप्प गावात ऐकत होते तसे नाही.

ठकू भट्टीशी बसली होती. पायाला फोड आला होता. फुटाणे चाळायला घेतले तर चाळण हातात ठरेना, दाणे सगळीकडं उडायला लागले. समोरून तेली आला. "अर्धा शेर दे," म्हणाला आणि ओंजळ पुढं केली. ठकूनं फुटाणे घातले. निम्मे खाली सांडले, कारण त्याची ओंजळही कापत होती.

ठकूनं त्याच्या हाताकडं बघितलं. त्यानं तिच्या हाताकडं बघितलं.

"तुम्ही पण?" ती म्हणाली.

"गप," तेली म्हणाला. "थंडी आहे." आणि सांडलेले फुटाणे वेचायला तिच्याशेजारीच खाली बसला.

यातून घ्यायचं ते एवढंच, हेच तात्पर्य: भ्यालेल्या गावात ज्याला त्याला वाटतं की आपण एकटेच भ्यालोय, आणि तेवढ्यावरच जुलमी माणसाचं राज्य चालतं. भीती जाईल मग उठू, असं म्हणत बसू नका. कापत्या हातांनीच उठा, म्हणजे शेजाऱ्याचे कापणारे हातही तुम्हाला दिसतील.